तीन टाक्यांची जागा

लेक जाऊन दोन महिने आणि वर चार दिवस झाले, तरी बाइंडरबाईच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं.

गल्लीत तिला सगळे बाइंडरबाईच म्हणत. खरं नाव कागदोपत्री होतं, पण त्या नावानं हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. तळमजल्यावर पुस्तकबांधणीचं दुकान, वर घर. दुकान नवऱ्यानं काढलं आणि सहा वर्षांत तो गेला. तेव्हापासून तिनंच चालवलं. शाळा तिसरीपर्यंत. हातातून पुस्तकं गेली असतील लाखांनी, वाचलं त्यातलं एकही नाही. कुणी त्यावरून छेडलं तर म्हणायची, "वाचणारे ढीगभर पडलेत. पाठीत न फाटणारं पुस्तक करणारं एक दाखवा."

भेटायला आलेल्या बायकांनाही तिनं सोडलं नाही. "रडा हो, मोकळ्या व्हा," असं एक म्हणाली. "मोकळी व्हायला मी काय पिशवी आहे?" असं म्हणून बाईनं तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. ती गेल्यावर मात्र बाई तशीच बसून राहिली. बोलली ती सवयीनं. आत काही नव्हतं. राग नव्हता, दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. थंडीनं हात गारठले की सुई बोटांत आहे की पडली हे बघूनच कळतं, तसं तिचं झालं होतं. जेवण झालं का, हे तिला रिकाम्या ताटावरून कळायचं.

मंत्र मात्र एक दिवस चुकला नव्हता. रोज सकाळी सातला शटर अर्ध्यावर उचलायचं, कागदाच्या गठ्ठ्यावर सतरंजी टाकून बसायचं आणि देवीच्या मंत्राची एक माळ ओढायची, हा नेम चव्वेचाळीस वर्षांचा. म्हणायची मोठ्यानं. शेजारच्या चष्मेवाल्याला तो फुकटात पाठ झाला होता. पण त्याला पाठ होता तो पुरा मंत्र नव्हे. बाहेर ऐकू यायचं ते "जगदंबायै नमः" एवढंच. त्याच्या आधी दर वेळी बाई थांबायची, ओठ मिटायची आणि मिटल्या ओठांआड जिभेनं तीन अक्षरं म्हणायची. ते बीज.

सासूनं तिला ते दिलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सासूनं कानाशी तोंड नेऊन तीनदा म्हटलं, तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि वर दम भरला. "हा मंत्राचा जीव आहे, समजलीस? बाकीचं नुसतं टरफल. टरफल खुशाल मोठ्यानं म्हण. बीज ओठाबाहेर काढायचं नाही. ते एका तोंडातून एका कानात जातं, आणि जातं ते सुनेकडे. लेकीला द्यायचं नाही. लेक दुसऱ्या घरची."

सासूचं बाकी काहीच बाईनं ऐकलं नाही, पण हे ऐकलं. का, ते तिला कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, घरात एवढी एकच गोष्ट होती जी फक्त माझी होती.

आता दोन महिने ती बीज म्हणत होती आणि जिभेला नुसता कागद लागत होता. एकशे आठ मणी बरोबर सरायचे. माळ पिशवीत. पिशवी खुंटीला. दिवस सुरू.

सोमवारी सकाळी एका जाड पुस्तकाचं पान तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीत चांगलं खोल गेलं. तिनं बघितलंही नाही. तेच बोट तिनं खळीच्या पातेल्यात घातलं. खळ म्हणजे पिठाची, पुठ्ठ्यावर कागद चिकटवायची. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातलेला असतो, आणि तो चिरेत गेला की भलाभला माणूस टेबलावर चढतो.

समोर सून पुठ्ठे कापत होती. ती ओरडली, "अहो आई! रक्त! त्यात मोरचूद आहे, चुरचुरत नाही का?"

बाईनं बोट वर काढून पाहिलं. पांढऱ्या खळीत लाल रेघ उतरली होती. "नाही," ती म्हणाली.

"नाही कसं?"

"नाही म्हणजे नाही. आता चुरचुरण्याचाही दाखला आणू का कुणाचा?"

सुनेनं चिंधी आणून बोट बांधलं आणि पातेल्यातली वरची खळ काढून टाकली. सून स्वभावानं गरीब नव्हती, पण दोन महिने तिनं तोंडाला तोंड देणं सोडलं होतं. ते बाईला कळत होतं, आणि तेही कुठे लागत नव्हतं.

त्याच दुपारी ठिपकी आली. ठिपकी म्हणजे गेलेल्या लेकीची मुलगी. हनुवटीवर तीळ, म्हणून लहानपणापासून ठिपकी. वय तेवीस. लांबच्या एका शहरात दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात दीड वर्षापासून कामाला होती. आईच्या वस्तू घेऊन शुक्रवारी सकाळी परत जायचं, एवढ्यासाठी चार दिवसांची रजा काढून आली होती.

"आ कर बघू, आजी," आल्या आल्या ती म्हणाली.

"दारातच दात मोजतेस? मी काय बाजारातली म्हैस आहे?"

"खालच्या दोन दाढा गेल्यात तुझ्या. मागच्या वेळी होत्या. कवळी मी करून पाठवते. अशी बसेल की चष्मेवाला वळून बघेल."

"त्याला आधी स्वतःचा चष्मा नीट बसू दे."

दोघी हसल्या. हसणं संपलं तेव्हा दोघींची नजर एकाच ठिकाणी गेली. खिडकीजवळचं स्टूल. त्या स्टुलावर एकोणीस वर्षं लेक बसली होती. नवऱ्यानं टाकलं तेव्हा चार वर्षांच्या ठिपकीला कडेवर घेऊन ती परत आली, वरच्या खोलीत राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून खाली येऊन पुस्तकं शिवायला लागली. दुसरं घर म्हणून तिला कुठलं उरलंच नव्हतं. तरी ती दुसऱ्या घरची.

स्टुलासमोर तिची हत्यारं जशीच्या तशी होती. दोन सुया, मेणाचा गोळा, आणि कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी. लेक डावखुरी होती, त्यामुळे पट्टीची उलटी कड झिजली होती. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती पट्टी बसायचीच नाही.

ठिपकीनं ती डाव्या हातात घेतली. बसली.

"हे मी नेणार," ती म्हणाली. "आणि तिचा स्वेटर. बाकी काही नको."

"ने," बाई म्हणाली.

त्या आठवड्यात दुकानात एका वाचनालयाची दीडशे फाटकी पुस्तकं आली होती. जुनी शिवण उसवायची, फर्मे सुटे करायचे, नवे शिवायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा दहा-बारा घड्या एकीला एक शिवल्या की पुस्तक होतं. बाईचा मुलगा माल आणायला-पोचवायला बाहेर, दुकानात सासू-सून दोघीच, आणि ठिपकी हातावर हात ठेवून बसणारी पोर नव्हे. मंगळवारी सकाळी ती आईच्या स्टुलावर बसली आणि शिवायला लागली.

बाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उसवत होती. कात्रीनं दोरा तोडायचा, ओढायचा, टाकायचा. बराच वेळ दुकानात दोऱ्याचा सर्र सर्र आवाज तेवढा होता. मग ठिपकी गुणगुणायला लागली. आधी बाईचं लक्ष नव्हतं. मग कानावर पडलं.

"…जगदंबायै नमः."

टाका. टाका. टाका.

"…जगदंबायै नमः."

टाका. टाका. टाका.

पोरीचे ओठ मिटलेले नव्हते, जीभ हलत नव्हती. ती नुसती थांबत होती. तोंड किंचित उघडं, नजर दोऱ्यावर, आणि मधे तीन टाके घालायला जेवढा वेळ लागतो तेवढी स्वच्छ, कोरी जागा. जेवढा वेळ बाईला बीज म्हणायला लागायचा तेवढाच. केसभर कमी नाही, जास्त नाही.

बाईची कात्री थांबली.

"हे कुठून शिकलीस?"

"मंत्र? आईकडून." ठिपकीनं वरही पाहिलं नाही. "शाळेत जायच्या आधी वेणी घालताना म्हणायची. केसांत गाठ असली की मला ओढ बसायची, तेव्हा तर हमखास."

"मधे थांबतेस ते?"

"तिथे थांबायचं असतं."

"कशासाठी?"

"थांबायचं असतं," ठिपकी म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला. बाईनं तिला दाताने दोरा तोडू नये म्हणून लहानपणी शंभरदा ओरडलं होतं. आज नाही ओरडली.

बाईनं स्वतःशीच हिशोब लावला. लेक लहानपणी दाराबाहेर बसून आईची माळ ऐकायची. कानावर जे पडलं ते उचललं. जिथे काही पडलं नाही तिथे गप्प राहिली आणि गप्प राहण्यालाच मंत्र समजली. तेच पुढे पोरीला शिकवलं. टरफल, आणि आत भोक. दोन पिढ्या भोक म्हणत बसल्या. एरवी हे बाईनं गल्लीभर हसून सांगितलं असतं. पुस्तकात मधेच कोरा फर्मा शिवला गेला तर गिऱ्हाईक तोंडावर आणून आपटतं. इथे कुणी आपटलं नाही, एवढंच.

तिला हसूही आलं नाही. आठवलं मात्र.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तिनं सुनेला बीज दिलं होतं, याच टेबलापाशी. लेक स्टुलावर बसली होती. बाई तिला म्हणाली, "जा, वर जाऊन खळ कर." लेकीनं पातेल्याकडे पाहिलं. ते काठोकाठ भरलेलं होतं. तिनं काही विचारलं नाही. उठून वर गेली. अर्ध्या तासानं जिन्यातून करपल्याचा वास खाली आला. एकोणीस वर्षांत लेकीच्या हातून खळ लागली ती तेवढी एकदाच. बाई तिला काय म्हणाली असेल? "लक्ष कुठे असतं गं तुझं?"

आणि मग इस्पितळ. आठ महिने. शेवटी शेवटी लेकीचा आवाज इतका खाली गेला होता की कान तोंडाशी न्यावा लागायचा. एक दिवस बाईनं कान नेला तेव्हा ती म्हणाली, "आई, आता तरी सांग ना ते." बाईला कळलं काय ते. ती म्हणाली, "बरी होऊन घरी ये. मग बघू." हे म्हणताना आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलं नव्हतं. खरं बोलतोय असंही नव्हतं. तोंडातून आलं, सवयीनं. कान तिथेच होता, तोंड तिथेच होतं, मधे बोटभर अंतर.

लेक म्हणाली, "बरं."

चार दिवसांनी गेली.

एवढं सगळं आठवूनही बाईच्या आत काही हललं नाही. तिनं कात्री उचलली आणि पुढचं पुस्तक ओढलं.

बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर सून भांडी घासायला वर थांबली. दुकानात दोघीच होत्या. बाई म्हणाली, "ठिपके, ऐक. तू म्हणतेस तो मंत्र पुरा नाही. तू थांबतेस ना, तिथे काहीतरी आहे."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"तिथे बीज आहे. तीन अक्षरं." ठिपकी सुईत दोरा ओवत होती. "आईनं सांगितलं होतं."

बाईला वाटलं, आपण काही चुकीचं ऐकलं. "तिला कुठून कळलं?"

"आजी, इथेच. तुझ्याच दुकानात." ठिपकीनं भिंतीवरच्या फळीकडे मान केली. दुकानाची एक पद्धत होती. दर कामातली एक बिघडलेली प्रत फळीवर ठेवून द्यायची, पुढच्या वेळी माप घ्यायला सोपं जावं म्हणून. "कुठल्या तरी ट्रस्टची पुस्तिका आली होती ना, देवीच्या मंत्रांची? दोन हजार प्रती. मी सहावीत होते. घड्या सगळ्या आईनं घातल्या. त्यात सगळंच छापलेलं होतं, बीजांसकट. जाड अक्षरांत."

बाई उठली. फळीवरच्या प्रती चाळत गेली. पाठी ओळखीच्या, आतलं काहीच नाही. खालच्या कोपऱ्यात ती सापडली. पातळ पुस्तिका, लाल वेष्टण, वेष्टण उलटं लागलेलं म्हणून बिघडलेली. तिनं खिडकीशी नेऊन उघडली. पानांचे आकडे तिनं तेव्हा तपासले होते. आकडे तेवढेच तपासायची ती. आता तिनं बोट ठेवून अक्षर अक्षर लावत वाचलं. अकराव्या पानावर, वरून तिसरी ओळ. तिची तीन अक्षरं. सासूनं कानात सांगितलेली, चव्वेचाळीस वर्षं जिभेखाली सांभाळलेली. शेजारी आणखी कुठल्या कुठल्या मंत्रांची बीजं, एकाखाली एक, शाळेतल्या हजेरीसारखी. दोन हजार प्रती तिनं स्वतः दाबात घातल्या होत्या, स्वतः दोरीनं बांधून रवाना केल्या होत्या.

"मग तुझी आई," बाई म्हणाली. "तिला माहीत होतं तर म्हणत का नव्हती?"

ठिपकीनं सुई खाली ठेवली. पहिल्यांदाच.

"मी पण विचारलं होतं. म्हटलं, अगं हे बघ, लिहिलंय, म्हण की. तर म्हणाली, छापलेलं आहे ते सगळ्यांचं. मला तिच्या तोंडून हवंय. तोवर जागा ठेवायची. मी म्हटलं, आणि नाही दिलं तर? तर म्हणाली, जागा ठेवली तर देईल. भरून टाकली तर देणार कुठे?"

रस्त्यावर कुणी सायकल टेकवली. चष्मेवाल्यानं शटर ओढलं. बाईच्या हातात पुस्तिका होती. घडी उलट्या कडेनं दाबलेली होती, डाव्या हातानं. इतकी साफ घडी दुकानात दुसऱ्या कुणाला जमत नव्हती.

म्हणजे ते भोक नव्हतं. बारा वर्षं लेकीनं तिथे पाट मांडून ठेवला होता.

बाईनं पुस्तिका मिटली. "इकडे ये," ती म्हणाली. "कान कर."

"का?"

"देते तुला. ये."

तिला वाटलं होतं पोर धावत येईल. चव्वेचाळीस वर्षांत तिनं ही गोष्ट कुणाला आपणहून देऊ केली नव्हती. सुनेला दिली ती पद्धत म्हणून. ठिपकी स्टुलावरून हलली नाही.

"नको, आजी."

"नको?"

"आईला दिलं नाहीस. मला देऊन काय?" ती रागानं बोलली नाही. हे दात बसणार नाहीत, माप चुकलंय, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं बोलली. "आणि मी घेतलं तर तिथे थांबता येणार नाही. मला थांबायचं असतं."

बाईला पोरीनं तोंडावर नाही म्हणावं, असं आजवर झालं नव्हतं. दुसरी कुणी असती तर बाईनं तिला धुऊन वाळत घातली असती. जिभेवर दोन-तीन वाक्यं येऊनही गेली. ती जागच्या जागी विझली. "बरं," ती म्हणाली.

म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं, हे कुणाचं बरं आहे ते.

संध्याकाळी जिन्यात सून भेटली. हातात वाळलेले कपडे. बाईनं वाट अडवली. "मी तुला दिलं होतं ते म्हणतेस का गं रोज?"

सुनेनं कपड्यांवर हनुवटी टेकवली. खोटं बोलावं की खरं, याचा विचार तिनं फार वेळ केला नाही. "खरं सांगू का, आई? पहिलं वर्षभर म्हटलं. मग राहिलं. आता तर मधलं अक्षर आठवतही नाही नीट. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

"रागवेन नाही तर काय. एवढीशी तीन अक्षरं, आणि त्यातलं मधलं हरवलं. मीठ-मिरचीची यादी असती तर लक्षात राहिली असती."

"ती राहते."

"जा, कपडे ठेव."

सून दोन पायऱ्या चढून थांबली. "त्या दिवशी ताईंना खळ करायला पाठवलंत ना," ती म्हणाली, "तेव्हा मला बरं नव्हतं वाटलं. पातेलं भरलेलं होतं." आणि वर गेली.

गुरुवार शिवण्यात गेला. पुस्तकं उरकत आली.

शुक्रवारी सकाळी सातला बाईनं शटर अर्ध्यावर उचललं, गठ्ठ्यावर सतरंजी टाकली आणि माळ हातात घेतली. ठिपकीची गाडी नवाला होती. ती आधीच खाली येऊन बसली होती. सात पुस्तकं राहिली होती आणि ती संपवून जायचं असं तिनं ठरवलं होतं. पिशवी दाराशी. पिशवीत स्वेटर. हाडाची पट्टी अजून हातात. सून खळ ढवळत होती, पुठ्ठ्यांना शेवटचे कागद लावायचे म्हणून.

बाईनं पहिला मणी धरला. ओठ मिटले. जीभ हलली नाही. चव्वेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिनं पुन्हा ओठ मिटले. जीभ टाळूला चिकटली, जशीच्या तशी. ती माळ धरून बसून राहिली. अर्ध्या शटरखालून उजेड येऊन तिच्या पायांवर पडला होता. पाय कुणाचे तरी वाटत होते.

तेव्हा स्टुलावरून आवाज आला, नेहमीसारखा, शिवता शिवता.

"…जगदंबायै नमः."

मग जागा. टाका. टाका. टाका.

"…जगदंबायै नमः."

जागा.

बाईनं माळ खाली ठेवली. तिसऱ्या जागेला तिनं तोंड उघडलं. घशातून हवा निघाली, आवाज नाही. चौथ्या जागेला खरखर निघाली. सुनेचा चमचा पातेल्यात थांबला. पाचव्या जागेला, चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, ती तीन अक्षरं ओठाबाहेर आली, मोठ्यानं, दोन दाढा नसलेल्या तोंडातून, फाटक्या आवाजात.

"ऐं. ह्रीं. श्रीं."

"जगदंबायै नमः," ठिपकी म्हणाली.

तिनं वर पाहिलं नाही. ती थांबली तेवढीच थांबली होती, तीन टाके. ना कमी, ना जास्त. तिनं काही घेतलं नव्हतं. जागा तिची तिनं ठेवलीच होती, आणि बाईनं काही तिला दिलं नव्हतं. ज्या स्टुलाकडे तोंड करून बाई म्हणत होती, तिथे एकोणीस वर्षं दुसरं कुणी बसत होतं.

"ऐं. ह्रीं. श्रीं."

"जगदंबायै नमः."

पुढच्या जागेला सुनेनं मान वर केली, मधलं अक्षर ओठांतल्या ओठांत जुळवून पाहिलं आणि पुन्हा ढवळायला लागली. चष्मेवाला दारातून गेला. त्यानं अर्ध्या शटरखालून वाकून आत पाहिलं आणि निघून गेला. वीज पडली नाही. सासूची तसबीर भिंतीवरून खाली आली नाही. मणी कुणी मोजले नाहीत. सात पुस्तकं होईपर्यंत चाललं, एवढं खरं.

शेवटचा दोरा ठिपकीनं दाताने तोडला. "झालं," ती म्हणाली. पट्टी पिशवीत घातली, उठली, आजीच्या गालाला गाल लावला. "कवळीचं माप पाठव. मामीला सांग फोटो काढायला."

"मी काही मरत नाही दातांवाचून."

"पाठव म्हणजे पाठव."

"बरं जा. गाडी तुझ्यासाठी थांबणार नाही."

ती वाकून शटरखालून गेली. गल्लीच्या टोकापर्यंत तिची पावलं ऐकू आली, मग नाही. स्टूल रिकामं. त्याच्यासमोर मेणाचा गोळा आणि दोन सुया. पट्टीच्या जागी टेबलावर लांबट स्वच्छ डाग.

बाई कामाला लागली. कामाला लागायचं असतं म्हणून. बोटावरची चिंधी सैल झाली होती, ती तिनं काढून टाकली, पुठ्ठा ओढला आणि पातेल्यात बोटं घातली.

हात तसाच थांबला.

"काय झालं, आई?" सून म्हणाली.

बाई पातेल्यातल्या हाताकडे बघत राहिली. चार दिवसांची चीर, तिच्यात मोरचूद. तिनं हात बाहेर काढला नाही. खालचा ओठ दातांखाली धरायला गेली तर तो नीट धरता येईना.

"चुरचुरतंय," ती म्हणाली. "अगं, चुरचुरतंय गं."

सून फडकं घेऊन उठली, जवळ आली, आणि तिनं फडकं बोटाला लावलं नाही. ते बाईच्या हातात दिलं, शटर पुरतं खाली ओढलं, आणि तिच्याकडे पाठ करून पुठ्ठे लावत बसली.